प्रयोगशाळेचें दार

कोल्हापूरच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगतांना केळवकर मायलेकींचें नांव आदरानें घ्यावें लागतें. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत रखमाबाई केळवकर यांनीं संस्थानांतील मुलींच्या शाळांची देखरेख केली. त्यांच्या कन्या कृष्णाबाई डॉक्टर झाल्या आणि महाराजांच्या साहाय्यानें डब्लिन येथें अधिक शिक्षण घेऊन परतल्या. घरांत माता पाठीशीं आणि बाहेर राजा पाठीशीं, असा त्यांना दुहेरी आधार होता.

असा आधार प्रत्येकीच्या वांट्यास येत नाहीं. शिवाय वैद्यक हा स्त्रीला साजेसा सेवाधर्म असें समाज हळूहळू मानूं लागला. रसायन व पदार्थविज्ञान हीं शास्त्रें मात्र पुरुषांचींच समजलीं जात. हें कुंपण कमला भागवत या मराठी मुलीनें ओलांडलें. तिचे वडील व चुलते दोघेहि रसायनशास्त्रज्ञ, आणि बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेचे विद्यार्थी. १९३३ सालीं रसायन व पदार्थविज्ञान घेऊन ती मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. झाली, आणि तिनें त्याच संस्थेंत प्रवेश मागितला. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन. मुलगी म्हणून त्यांनीं नकार दिला.

घरच्या विद्येचा वारसा येथें उपयोगी पडला नाहीं. उपयोगी पडला तो निग्रह. कमलेनें संचालकांच्या कचेरीपुढें सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलें वर्ष परीक्षेचें, आणि कामाविषयीं संचालकांची खात्री पटेपर्यंत त्यास मान्यता नाहीं. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखालीं तिनें दूध व डाळी यांतील प्रथिनांवर संशोधन केलें. रामन यांची खात्री पटली, आणि पुढें इतर मुलींनाहि तें दार उघडलें.

नंतर केंब्रिज येथें बटाट्यावर काम करीत असतां, श्वसनक्रियेस आवश्यक असें 'सायटोक्रोम सी' हें द्रव्य वनस्पतींच्या पेशींतहि असतें, असें तिनें दाखविलें. १९३९ सालीं तिला डॉक्टरेट मिळाली. ह्याच पुढें डॉ. कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या, आणि मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या संचालकपदावर बसल्या.

आज असा उघड नकार कोणी देत नाहीं. कोल्हापुरांतच १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. परंतु चौदा वर्षांची मुलगी पदार्थविज्ञानाची आवड बोलून दाखवते, तेव्हां "हें तुला झेपेल का?" हा प्रश्न अजूनहि पुष्कळदा घरांतच उठतो. बंगळूरचें दार उघडण्यास सत्याग्रह करावा लागला. घरचें दार उघडण्यास रखमाबाईंसारखी एक आई पुरे.