मीटरच बिघडला तर मोजायचं कशानं?

घाटनांदूरहून बोलतोय. मधूनच गाडीचा भोंगा ऐकू आला तर चालवून घ्या, परळी–विकाराबाद लाईन गावातूनच जाते.

मागच्या भागात रेडिओ दुरुस्तीवर बोललो, तेव्हा एका पोरानं विचारलं, "दादा, रेडिओ बिघडला की तुम्ही मीटर लावून बघता. मग मीटरच बिघडला तर काय लावता?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्या उत्तरात शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सध्या किलोच्या भावानं भंगारात चाललाय.

सुरुवात लंडनपासून करू. डोनाल्ड मॅकाडी हा ब्रिटिश पोस्ट खात्यातला इंजिनिअर. टेलिफोनच्या लाईनी दुरुस्त करायच्या तर करंट मोजायला एक यंत्र, व्होल्टेजला दुसरं, रेझिस्टन्सला तिसरं. हे लटांबर वागवून गडी कंटाळला आणि त्यानं तिन्ही एका पेटीत बसवली. १९२३ साली ती बाजारात आली. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलं 'अ‍ॅव्हो'. त्याचं मॉडेल ८ आलं १९५१ मध्ये, ते थेट २००८ पर्यंत बनत होतं. चुकून जास्त करंट गेला की त्यातलं एक बटण टपकन वर येतं आणि सर्किट तुटतं. म्हणजे माणूस चुकणार हे धरूनच मीटर बनवला होता. आपल्याकडं नाशिकच्या मोटवाने कंपनीनं असे काट्याचे मल्टिमीटर बनवले. शिकागो रेडिओचे भोंगे ज्यांनी स्वातंत्र्यापूर्वी मोठमोठ्या सभांना पुरवले, ते हेच घराणं.

आता इथं जरा थांबू, कारण या काट्याच्या मीटरमध्ये एक गंमत आहे आणि ती कळली नाही तर जुनं यंत्र दुरुस्त होत नाही.

अ‍ॅव्हो ८ हा डीसीला २०,००० ओहम प्रति व्होल्टचा मीटर. म्हणजे १०० व्होल्टच्या रेंजवर त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स २० लाख ओहम. समजा १०० व्होल्टवर १०-१० लाख ओहमचे दोन रेझिस्टन्स एकापुढं एक लावलेत. मधल्या जोडावर किती व्होल्ट? पन्नास, शाळेतलं पोरगंही सांगेल. पण तिथं हा मीटर लावला की तो स्वतः थोडा करंट पितो आणि काटा ४० वर थांबतो. तोच जोड आजच्या १ कोटी ओहमच्या डिजिटल मीटरनं मोजला तर ४७.६ दिसतात. यातला खोटा कोण? कुणीच नाही. दोघंही स्वतःसकट मोजतात, इतकंच.

जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये व्होल्टेजच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, की हे आकडे २०,००० ओहम प्रति व्होल्टच्या मीटरनं घेतलेत. नवा मेकॅनिक ते वाचत नाही. त्याला ४० च्या जागी ४७ दिसतात, मग तो चांगले पार्ट उपटत बसतो. त्यात बिचाऱ्या सर्किटचा काहीच दोष नसतो.

यंत्राबरोबर अशी माहिती देण्यात सगळ्यात दिलदार कंपनी म्हणजे अमेरिकेतली टेक्ट्रॉनिक्स, स्थापना १९४६. ऑसिलोस्कोप म्हणजे बदलतं व्होल्टेज पडद्यावर रेघ काढून दाखवणारं यंत्र. यांच्या जुन्या स्कोपमध्ये पार्ट चिनीमातीच्या पट्ट्यांवर जोडलेले असत. साधं शिसं-कथील त्या पट्टीवरची चांदी ओढून घेतं, म्हणून चांदी मिसळलेल्या सोल्डरचं छोटं रीळ त्यांनी स्कोपच्या आतच लावून दिलेलं असे. कधी काळी कुठल्या तरी दूरच्या गावात कुणी तरी हे उघडेल, आणि त्याच्याकडं हे सोल्डर नसेल, एवढा विचार! मॅन्युअलमध्ये सर्किट चालतं कसं, कोणत्या जागी कसली लहर दिसली पाहिजे, सगळं दिलेलं.

आपल्याकडं तेव्हा परकीय चलनाची टंचाई आणि आयातीला लायसन्स. बाहेरचा स्कोप आणणं हेच दिव्य, मग तो बिघडला म्हणून टाकून कोण देईल? त्याच काळात, १९६२ मध्ये, प्रभाकर देवधर यांनी ठाण्यात अ‍ॅपलॅब सुरू केली. पॉवर सप्लाय, ऑसिलोस्कोप अशी यंत्रं इथंच बनू लागली. पुढं राजीव गांधींच्या काळात देवधर देशाच्या इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्ष झाले. आपण मराठी माणसाच्या उद्योगाबद्दल बोलताना साखर कारखान्यापाशीच थांबतो, म्हणून हे नाव मुद्दाम घेतलं.

आता पोराच्या प्रश्नाकडं. माझ्या टेबलावर सध्या एका कॉलेजच्या भंगारातून सुटलेला देशी स्कोप आहे. मॅन्युअल आधीच रद्दीत गेलेलं. पडद्यावर रेघ नाही, नुसता अंधार. अशा वेळी आधी पॉवर सप्लाय बघायचा, आणि तोही क्रमानं. जुन्या टेक्ट्रॉनिक्समध्ये उणे १५० व्होल्टचा सप्लाय हा बाकी सगळ्या सप्लायचा आधार असे. तो ढळला की सगळे ढळतात, आणि तुम्ही भलत्याच्याच मागं लागता. आमच्या उन्हाळ्यात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर आतून वाळतात, त्यामुळं माझा पहिला संशय कायम त्यांच्यावर. दुसरं दुखणं स्वीपचं. रेघ शेवटाला पोचली की तिथला निरोप परत सुरुवातीला जातो, मग पुढची रेघ निघते. साखळीतला कुठलाही एक दुवा मेला की सगळेच मेल्यासारखे दिसतात. साखळी एका जागी तोडायची आणि एकेक टप्पा हातानं चालवून बघायचा, दुसरा इलाज नाही. हो, आणि पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात, बंद केल्यावरही राहतात. ज्याला ते उतरवता येत नाही त्यानं कव्हर काढू नये.

समजा रेघ आली. पण ती खरं बोलते का? घाटनांदूरला काही कॅलिब्रेशनची लॅब नाही. व्होल्टेजसाठी मी दोन-तीन वेगळ्या मीटरची साक्ष घेतो. वेळेसाठी मात्र एक उत्तम प्रमाण घरात आलेलं आहे: वीज. आमच्याकडचं व्होल्टेज काय लायकीचं असतं ते मराठवाड्यात मोटार जळालेल्या कुणालाही विचारा. पण फ्रिक्वेन्सी? ती ५० हर्ट्झच्या आसपासच राहते, कारण ती आमच्या डीपीवर ठरत नाही. अख्ख्या देशाचे जनित्र एका तालात फिरतात. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिडही बाकी देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून तर काश्मीर ते कन्याकुमारी एकच ताल. म्हणून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून, थेट प्लगमधून अजिबात नाही, ६ व्होल्ट एसी स्कोपला द्यायचे. एक लहर २० मिलिसेकंदांची दिसली पाहिजे. पाच मिलिसेकंदाच्या सेटिंगवर बरोबर चार घरं. साडेतीन भरली तर टाइमबेस चुकतोय, महावितरण नव्हे. एवढ्या एका बाबतीत तरी.

आजचे स्कोप स्वस्त आहेत, चांगलेही आहेत, मी वापरतो. पण आत एकाच काळ्या चिपमध्ये सगळा कारभार, आणि सर्किटचा कागद बहुतेक कंपन्या देत नाहीत. बिघडला की बोर्ड बदला, नाही तर नवा घ्या. त्यामुळं पुढच्या पोरांना आतलं शिकायचं असेल तर हे जुने डबेच कामाला येणार, आणि कागदाशिवाय डबा म्हणजे निम्मंच यंत्र. विलायती मॅन्युअलं लोकांनी स्कॅन करून जपलीत. देशी यंत्रांची शोधायला गेलं की हाती फार थोडं लागतं.

तेव्हा एक काम करा. तुमच्या कॉलेजात, आयटीआयत, वीज केंद्रात, बंद पडलेल्या दुकानात देशी बनावटीच्या स्कोपचं, सिग्नल जनरेटरचं, मल्टिमीटरचं मॅन्युअल दिसलं तर रद्दीवाला यायच्या आधी मोबाईलनं पानं टिपून ठेवा. तक्त्याखालच्या बारीक अक्षरांसकट. माझ्या टेबलावरच्या स्कोपचं सापडलं तर आधी मला कळवा.