घोड नदीकाठचे इनामगाव : भूगोल आणि ग्रामजीवनाचा इतिहास

दख्खनच्या इतिहासाची मांडणी बहुधा राजवंश, लढाया व राजधान्या यांच्या आधारे केली जाते. खेड्याचा इतिहास त्यात क्वचितच येतो. या दृष्टीने पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगावचे महत्त्व विशेष आहे. भीमेची उपनदी असलेल्या घोड नदीच्या काठी येथे ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे अवशेष मिळाले. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले.

येथील वस्तीचे तीन कालखंड मानले जातात : माळवा (इ. स. पू. सुमारे १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (१४०० ते १०००) व उत्तर जोर्वे (१००० ते ७००). घोड नदी सह्याद्रीत उगम पावते, मात्र इनामगावचा परिसर पर्जन्यछायेत येतो. म्हणजे शेताला काळी माती व शेजारी नदी लाभली, पण पावसाचा भरवसा नव्हता. जव हे येथील मुख्य पीक. त्याच्या जोडीला गहू व मसूर यांचेही दाणे सापडले आहेत.

या अडचणीवर गावाने उपाय शोधल्याचे दिसते. पूर्व जोर्वे काळात शंभर मीटरहून अधिक लांबीचा पाट खोदून त्यालगत बांध घालण्यात आला. पुराचे पाणी वळवून शेतीला देण्यासाठी ही योजना असावी, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. एवढे काम एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हे. याच काळातील पाच खोल्यांचे एक मोठे घर व त्यालगतचे धान्याचे कोठार यांवरून गावाला प्रमुख असावा, असा तर्क करण्यात आला. पाणी, श्रम व धान्य यांचा ताबा एकत्र येण्याची ही खूण होय.

इ. स. पू. १००० च्या सुमारास प्रवरा खोऱ्यातील नेवासे व दायमाबाद येथील वस्त्या ओस पडल्या. इनामगाव मात्र पुढे सुमारे तीन शतके टिकले. पण ऐसपैस चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. ढवळीकरांनी या उतरणीचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी घरांच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेल्या बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये हे मत फेरतपासणीस घेतले. उत्तर जोर्वे काळातील मुलांच्या वाढीवर ताण पडल्याचे त्यांना आढळले. परंतु केवळ हवामान बदलले म्हणून हे घडले, ही मांडणी त्यांना पुरेशी वाटली नाही. जमिनीचा वापर व समाजाने केलेली निवड यांचाही विचार त्यांनी आवश्यक मानला.

हा वाद अध्यापनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. पाऊस हे एकमेव कारण मानले तर गावकरी निव्वळ बळी ठरतात आणि पाट खोदणारे त्यांचे हात विस्मरणात जातात. उलट, सारा दोष माणसांच्या माथी मारला तर कोरड्या खोऱ्याची कठोर मर्यादा नजरेआड होते. विद्यार्थ्यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिताना नदी, माती व पाऊस यांची नोंद अवश्य करावी. त्याबरोबरच पाणी कोणी वळवले, धान्य कोणाच्या कोठारात गेले आणि टंचाईत कोणाची मुले उपाशी राहिली, हेही विचारावे.