व्रणलेपांतील स्नेहाचा विचार

शय्येस खिळलेल्या रोग्याच्या कटीवर व टांचांवर पडणारा व्रण आजहि लवकर भरत नाहीं. त्यावरील मलमांत औषध मुख्य, कीं तें ज्यांत सिद्ध केलें तें तूप अथवा तेल मुख्य, हा प्रश्न मात्र जुना आहे. बाडांतून 'व्रणास मलम' अशा मथळ्याचीं पानें आढळतात. संग्राहक वनस्पतींचीं नांवें उतरून घेतात आणि स्नेहाचें नांव सोडून देतात. (मलम हा शब्द अरबी 'मरहम' याचें रूप होय, परंतु तेवढ्यावरून पाठ युनानी ठरवूं नये.)

'जात्यादि' योगच पहा. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत, 25 व्या अध्यायांत, तें घृत आहे. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडांत, 9 व्या अध्यायांत, त्याच नांवाचें तैलहि आहे. जाई, निंब व पटोल यांचीं पानें, मंजिष्ठा, हळद, मोरचूद, मेण हीं द्रव्यें दोहोंत समान. शार्ङ्गधराचें सामान्य प्रमाण कल्काच्या चौपट स्नेह असें असल्यानें, व्रणावर जें पडतें त्यांत स्नेहाचाच भाग मोठा. घृत पित्तहर, तैल वातहर. तेव्हां दाह असलेल्या व्रणास कोणतें द्यावें हें वैद्य जाणून असे. सबब नुसतें 'जात्यादि' टिपणें म्हणजे अर्धा पाठ गमावणें होय.

सुश्रुताची दृष्टि याहून सूक्ष्म आहे. शस्त्रकर्मानंतर तो तिळाचा कल्क, मध व तूप यांनीं माखलेली वात व्रणांत ठेवण्यास सांगतो. पुढें सूत्रस्थानाच्या 18 व्या अध्यायांत त्याचा इशारा असा कीं, विकेशिका, म्हणजे व्रणांत घालावयाची औषधी चिंधी, फार स्निग्ध झाल्यास व्रण चिघळतो, फार रूक्ष झाल्यास चिरतो, आणि वांकडी बसल्यास कडा घासल्या जातात. ओलाव्यानें त्वचा लिबलिबीत होते व घर्षणानें सोलवटते, हें शय्याव्रणाविषयीं आजचे शुश्रूषाकारहि सांगतात. मात्र दाब हें त्या व्रणाचें मूळ कारण. तो हटविल्यावांचून कोणताहि स्नेह पुरेसा नाहीं.

कोणता लेप श्रेष्ठ, याचा निर्णय अद्याप झालेला नाहीं. 2017 सालीं कॉक्रन संस्थेनें शय्याव्रणावरील पट्ट्या व लेप यांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. पुरावा दुर्बळ असल्यानें कोणासहि निश्चित अग्रमान देतां आला नाहीं. तोंवर बाडांचे पाठ पूर्ण उतरावे: स्नेह कोणता, किती, आणि मेण घातलें आहे कीं नाहीं. नुसतें 'तैल' असल्यास तें तिळाचें समजावें.