थांबण्याचे कर्तव्य : एक ऐतिहासिक विचार

मनुष्याच्या हातून काही गोष्टी घडतात आणि काही गोष्टी तो करतो. या दोहोंतील भेद आपण व्यवहारात रोज पाहतो. परंतु तो कायद्यात स्पष्टपणे उतरावयास फार काळ जावा लागला. रस्त्यावरील अपघात आणि अपघातानंतरचे पलायन हे या भेदाचे आजच्या काळातील सर्वांत ठळक उदाहरण होय. वाहन एखाद्याच्या अंगावर जाते ते एका क्षणात. त्यात निष्काळजीपणा असेल, अतिवेग असेल, कधी नुसते दुर्दैवही असेल. पण पुढच्या क्षणी गाडी थांबवावयाची की अधिक वेगाने हाकावयाची, हे चालक ठरवितो. पहिल्या क्षणाविषयी तो पुष्कळ सबबी सांगू शकेल. दुसऱ्या क्षणाविषयी त्याला फारसे बोलता येत नाही. या दुसऱ्या क्षणाचा विचार आपल्या परंपरेने आणि अर्वाचीन कायद्याने कसा केला, हे पाहण्याचा येथे आमचा उद्देश आहे.

या विचाराचा आरंभ वाल्मीकीपासून करावा लागतो. अयोध्याकांडात राम वनात गेल्यानंतरच्या सहाव्या रात्री दशरथ कौसल्येला आपल्या तारुण्यातील एक कृत्य सांगतो. शरयूच्या काठी, पावसाळ्यातील अंधारात, घट भरल्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटला आणि त्याने शब्दवेधी बाण सोडला. तो बाण एका तापसकुमाराला लागला. लोककथेने या कुमाराला श्रावण हे नाव दिले. वाल्मीकीने त्याला नाव दिलेले नाही. रात्र अंधारी होती, साक्षीदार कोणी नव्हता आणि बाण मारणारा तर राजकुळातला. निघून जाणे किती सोपे होते! तरीही दशरथ आवाजाच्या दिशेने गेला. मरणाऱ्या कुमाराचे बोलणे त्याने ऐकून घेतले, त्याचाच घट पाण्याने भरून घेतला आणि आंधळ्या मातापित्यांपुढे जाऊन आपले कृत्य आपल्या तोंडाने सांगितले.

त्यावर वृद्ध मुनी जे म्हणतो ते आमच्या विषयाचे मर्म होय. हे अशुभ कर्म तू स्वतः येऊन सांगितले नसतेस, तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. येथे दोन गोष्टी वेगळ्या केलेल्या दिसतात. अजाणता झालेल्या हत्येला एक फळ आहे आणि ती लपविण्याला दुसरे, अधिक भयंकर फळ आहे. तथापि सांगितल्याने दशरथ सर्वस्वी सुटला असेही कवी म्हणत नाही. पुत्रशोकाने मरण येईल हा शाप त्याला भोगावाच लागला. सत्य सांगणाऱ्याला शिक्षा होत नाही, अशी स्वस्त आशा या कथेत नाही. सांगणारा शिक्षा भोगूनही मनुष्य म्हणून उरतो, एवढेच ती सांगते.

धर्मशास्त्रात वाहनांच्या अपघाताचा विचार आश्चर्य वाटावे इतका बारकाईने आला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चालक व मालक यांना दोष न लागण्याचे दहा प्रसंग सांगितले आहेत. बैलाची वेसण तुटणे, जू मोडणे, आस किंवा चाक मोडणे, गाडी तिरपी किंवा मागे जाणे हे त्यांतले काही. ‘बाजूला व्हा’ अशी हाळी चालकाने दिली असेल, तर तोही एक प्रसंग धरला आहे. चालक अकुशल असेल तर दंड मालकाला. चालक कुशल असूनही अपघात झाला तर दंड चालकाला. मनुष्य मेला तर अपराध चोराच्या अपराधासारखा मानावा, असेही तेथे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही याच जातीचे नियम आहेत. लहान मुलाने हाकलेले वाहन राजाने जप्त करावे, अशी तरतूदही तेथे आढळते.

या नियमांत अपघातापूर्वीच्या सावधगिरीचा आणि अपघाताच्या कारणांचा विचार आहे. अपघातानंतर पळून जाणाऱ्याचा वेगळा विचार मात्र नाही. आमच्या मते याचे कारण साधे आहे. बैलगाडी पळून किती दूर जाणार? गाडी कोणाची, बैल कोणाचे, हाकणारा कोण, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक असे. ज्या समाजात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तेथे पलायनाला निराळे कलम लागत नाही.

परंतु जेथे अपराधी मोठा असेल, तेथे ओळख असूनही काय होते? या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने नव्हे, आख्यायिकांनी दिले आहे. तमिळ प्रदेशात तिरुवारूरच्या मनुनीती चोळाची कथा फार जुनी आहे. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेले. गाईने राजवाड्याच्या दारची न्यायाची घंटा वाजविली. राजाने आपल्या पुत्राला त्याच रथाखाली घातले. शिलप्पदिकारम् या तमिळ काव्यात तिचा निर्देश आहे, सिंहलद्वीपाच्या महावंसात एळार राजाच्या नावाने ती येते, आणि पुढे पेरियपुराणात ती विस्ताराने आली. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात या राजाचा पुतळाही आहे.

हीच कथा आपल्या इंदुरात अहिल्याबाईंच्या नावाने सांगतात. मालेरावांच्या रथाखाली वासरू आले आणि ते न थांबता पुढे गेले. गाय वासराजवळ बसून राहिली. अहिल्याबाईंना हे कळताच त्यांनी पुत्राला हात बांधून रथापुढे टाकण्याची आज्ञा दिली. रथ हाकावयास कोणी धजेना, तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या. मग तीच गाय पुन्हा पुन्हा आडवी आली. राजवाड्याजवळच्या आडा बाजाराचे नाव यावरून पडले, असे लोक मानतात. मालेराव १७६७ साली वारले, आणि ते या शिक्षेने नव्हे. तेव्हा ही गोष्ट इतिहास म्हणून आम्ही मांडीत नाही. तिरुवारूरची कथा आणि ही कथा यांचा सांगाडा एकच आहे, हे उघड आहे.

तथापि आख्यायिका खोटी ठरली तरी तिची निवड खरी असते. पेरियपुराणातील राजपुत्र वासराच्या मृत्यूने व्याकुळ होऊन प्रायश्चित्त विचारावयास जातो. इंदूरच्या कथेतील मालेराव मात्र मागे वळून पाहत नाहीत. मालव्यातील लोकांनी कथेला दिलेले हे वळण अर्थपूर्ण आहे. आईचा संताप वासरू मेल्याचा आहेच. पण रथ थांबला नाही, हे त्या संतापाचे टोक आहे.

यानंतर रस्त्यावर मोटार आली आणि सारा हिशेबच बदलला. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही स्त्री मोटारीखाली सापडून मेली. इंग्लंडात मोटारीने पादचारी मेल्याची ही पहिली घटना समजली जाते. पंचांनी अपघाती मृत्यू असा निर्णय दिला, आणि असे पुन्हा कधी घडू नये अशी आशा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली. ती आशा किती भाबडी ठरली, हे सांगावयास नको.

मोटारीने मनुष्याला वेग दिला आणि वेगाबरोबर अनोळखीपणा दिला. दहा मैलांवरच्या गावी चालकाला कोणी ओळखत नाही, आणि पाहणाऱ्याने डोळे चोळीपर्यंत तो दिसेनासा होतो. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ सालीच वाहनांवर ओळखीची पाटी सक्तीची केली होती. इंग्लंडच्या १९०३ च्या मोटार कायद्याने वेगाची मर्यादा ताशी वीस मैलांपर्यंत वाढविली; त्याच कायद्याने प्रत्येक गाडीवर क्रमांक घालावयास लावले, आणि अपघात झाल्यास चालकाने थांबावे व विचारल्यास आपले नाव, पत्ता द्यावा, असे बंधन घातले. वेगाची परवानगी आणि थांबण्याची आज्ञा या जुळ्या बहिणी होत, हे यावरून ध्यानात यावे. गावाने चेहरा ओळखण्याचे जे काम पूर्वी केले, ते आता पत्र्याच्या पाटीवर आले.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ८९ व्या कलमात चालकाचे हे कर्तव्य आले आणि १९८८ च्या कायद्यात ते १३४ व्या कलमात राहिले. जखमीला जवळच्या वैद्याकडे किंवा रुग्णालयात पोचविण्याची व्यवस्था करणे आणि पोलीस जागेवर नसल्यास शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत, पोलीस ठाण्यावर खबर देणे, हे त्याचे मुख्य भाग होत. पण शिक्षेच्या बाबतीत कायद्याचे गणित चमत्कारिक होते. निष्काळजीपणाने मृत्यू घडविण्याचे भारतीय दंडसंहितेतील ३०४ अ हे कलम १८७० साली आले. त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. थांबण्याचे कर्तव्य मोडणाऱ्याला १९८८ च्या कायद्याने प्रथमतः तीन महिन्यांपर्यंतचीच कैद सांगितली होती. म्हणजे थांबणाऱ्यापुढे दोन वर्षे, आणि पळून निसटला तर काहीच नाही. सापडला तर वर तीन महिने. कायद्याने नकळत पलायनच स्वस्त करून ठेवले होते.

याचा परिणाम काय झाला तो आकड्यांत दिसतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३०,४८६ माणसे धडक देऊन पळालेल्या वाहनांमुळे मेली. म्हणजे सहापैकी एकाहून अधिक कुटुंबांना आपले माणूस कोणी मारले, हा प्रश्न विचारावा लागला. पळालेल्या वाहनाचा पत्ता लागत नाही तेव्हा भरपाई मागावयाची कोणाकडे? यासाठी १९८२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन सांत्वननिधी निर्माण झाला. त्यातून मृत्यूबद्दल पाच हजार आणि गंभीर दुखापतीबद्दल एक हजार रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासून या रकमा दोन लाख आणि पन्नास हजार झाल्या आहेत. योजना योग्यच आहे. पण तिचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. येथे ऋण आहे, धनको आहे, ऋणको मात्र नाहीसा झाला आहे. त्याचे देणे सारा समाज भरतो. पैशाचे देणे असे परस्पर फेडता येते. क्षमा मागण्याचे देणे दुसऱ्या कोणाला फेडता येत नाही. ज्यांचे माणूस गेले त्यांना शिक्षा करण्यास कोणी सापडत नाही, तसे क्षमा करण्यासही कोणी सापडत नाही.

भारतीय न्यायसंहितेने २०२३ साली जुने गणित उलटे करून पाहिले. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत, आणि तसे करून पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळविता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद १०६ व्या कलमात झाली. जानेवारी २०२४ च्या आरंभी मालमोटारींच्या चालकांनी याविरुद्ध देशभर संप केला. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा पलायनाचे हे उपकलम मागे ठेवले गेले. थांबलो तर जमाव आम्हांला जिवंत सोडणार नाही, असे चालकांचे म्हणणे होते. हे म्हणणे सर्वस्वी खोटे आहे, असे कोण म्हणेल? जमावाच्या क्षोभामुळे शक्य नसेल तर, अशी सवलत १३४ व्या कलमातच आहे. संतापलेल्या जमावापासून जीव वाचवून थेट पोलीस ठाणे गाठणारा चालक आणि रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावर दिवे मालवून निघून जाणारा चालक, यांना एका मापाने मोजणे न्यायाचे नाही. पण सवलत जमावाच्या भीतीला आहे, दुसऱ्या दिवशीच्या मौनाला नाही. चोवीस तासांत जमाव पांगतो.

येथे आमची सर्वांची जबाबदारी येते. थांबणे कठीण करण्यात समाजाचा वाटा मोठा आहे. मोटारीने धडक दिलेल्या एका स्कूटरस्वाराला पहिल्या रुग्णालयाने पोलिसी प्रकरण म्हणून दाखल करून घेतले नाही. वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे नेताना तो वाटेत मेला. या प्रकरणावरून परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, जीव वाचविणे हे आधी, बाकीचे सोपस्कार मागाहून. जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला पोलिसी ससेमिऱ्यापासून संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर त्याच न्यायालयाने २०१६ साली शिक्कामोर्तब केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्या संरक्षणाला कायद्यात जागा मिळाली. म्हणजे चालक पळतो, तसे पाहणारेही पळत होते; आणि दोघांच्याही पळण्याच्या मुळाशी भीती होती.

आम्हां शिक्षकांना हा प्रश्न परका नाही. क्रीडांगणावर चेंडू लागून वर्गाची काच फुटते. काच फुटणे हा अपघात. पण कोणी फोडली, असे विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती केलेली असते. जो मुलगा उठून ‘सर, मी’ म्हणतो त्याला आपण कसे वागवितो, यावर पुढच्या वेळी कोणी उठेल की नाही हे ठरते. त्याला शिक्षा मुळीच नको, असे आमचे म्हणणे नाही. काचेची भरपाई त्याने करावी. परंतु त्याने उठून सांगितले याची किंमत आपण ठेवली पाहिजे, आणि ती साऱ्या वर्गाला दिसली पाहिजे.

रस्त्याचे शास्त्र यापेक्षा फार वेगळे नाही. पलायनाची शिक्षा कडक असावी, हे आम्हांस मान्य आहे. पण केवळ भीतीने भीती जात नाही. थांबलेल्या माणसाला जमावाने मारावयाचे आणि पळालेल्याला कायद्याने शोधावयाचे, असे चालले तर थांबणारा मूर्ख ठरेल. थांबलेल्या चालकाला हात न लावता पोलिसांच्या स्वाधीन करणारे गाव, जखमीला प्रश्न न विचारता आत घेणारे रुग्णालय आणि आपल्या मुलांना चूक सांगण्याचे धैर्य शिकविणारी शाळा, ही तीन ठिकाणे नीट झाली तर कलमे आपले काम करतील. शरयूच्या काठी कलम नव्हते, पाटी नव्हती, साक्षीदार नव्हता. तेथे दशरथाने दोन गोष्टी केल्या : पाणी घेऊन गेला आणि खरे सांगितले. जखमीला मदत आणि घटनेची खबर, या १३४ व्या कलमाच्या मुख्य अपेक्षाही त्याच दोन आहेत. त्यासाठी लागणारे धैर्य मात्र कोणतेही कलम देत नाही. ते घरात आणि वर्गातच द्यावे लागते.