बडोद्याचे विमान आणि लाल पागोटे

1941 सालच्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, कॅसलटाउन येथे, ब्रिटिश हवाई दलाची 124 क्रमांकाची स्क्वाड्रन नव्याने उभी राहिली. तिच्या क्रमांकापुढे कंसात ‘बडोदा’ असे लिहिले जाई. गायकवाड सरकारांनी युद्धकार्यास दिलेल्या देणगीची ती पोच होती. हैदराबाद आणि म्हैसूर यांच्या नावांच्याही स्क्वाड्रन होत्या. परंतु एका मराठी दौलतीचे नाव धारण करणारी विमाने इंग्लंडच्या आकाशात उडत होती, ही गोष्ट आपल्या माळव्यातील मंडळींच्या बोलण्यात फारशी येत नाही. वास्तविक बडोदे आपल्याला परके नाही. सयाजीराव महाराजांच्या दुसऱ्या पत्नी महाराणी चिमणाबाई या माहेरच्या देवासच्या घाटगे घराण्यातील. 1941 साली गादीवर सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव होते, आणि आपल्या देवासची ही लेक तेव्हा हयात होती.

या विषयाकडे मी वळलो तो मात्र इतिहासाच्या ओढीने नव्हे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत नातू देवासला आला. त्याला कागदी विमानांचे वेड आहे. आपण वहीच्या पानाची करून वर्गात उडवत असू ती नव्हेत. जाड कागदावर छापलेले शे-दोनशे तुकडे कापून, वळवून, चिकटवून तयार होणारी हुबेहूब प्रतिकृती. पोलंडमध्ये 1957 पासून अशा नमुन्यांचे मासिकच निघत आले आहे. आता नमुना संगणकावर मिळतो आणि घरच्या प्रिंटरवर छापता येतो. त्याच्यापाशी स्पिटफायरचा नमुना होता, पण रंग दुसऱ्याच कुठल्या स्क्वाड्रनचे. ‘आजोबा, आपण याला बडोद्याचं करू,’ असे तो म्हणाला आणि आम्ही दोघे कामाला लागलो.

हे काम वाटते तितके सोपे नाही. नमुन्यातील विमान उलगडलेल्या कातड्यासारखे सपाट पसरलेले असते. धडाचे आठ-दहा पट्टे निरनिराळे छापलेले असतात आणि त्यांवरून जाणारी हिरव्या रंगाची नागमोडी कड प्रत्येक पट्ट्याच्या टोकाशी पुढच्या पट्ट्याला बिनचूक मिळावी लागते. एक मिलिमीटर चूक झाली तरी विमान ठिगळ लावल्यासारखे दिसते. ‘गिंप’ नावाच्या मोफत प्रणालीत चित्र थराथरांनी रचता येते. काळ्या रेघांचा थर सर्वांत वर ठेवून खाली रंग भरला, तर पत्र्यांचे सांधे आणि खिळ्यांच्या ओळी पुसल्या जात नाहीत. बादलीने रंग ओतावा तसा एकदम रंग भरला, की रेघेलगत पांढरी किनार उरते. ती हाताने भरावी लागते. पडद्यावर दिसणारा रंग कागदावर तसाच उतरत नाही, हे तर आम्ही चार पाने वाया घालवून शिकलो. ज्या गावी नोटांचा छापखाना आणि त्याचा शाईचा कारखाना आहे, त्या गावी आम्हाला करडा रंग जमेना, याचे नातवाला फार हसू आले.

परंतु खरी अडचण निराळी होती. कोणता करडा? 1941 च्या ऑगस्टपर्यंत ब्रिटिश लढाऊ विमानांची पाठ मातकट तपकिरी आणि गडद हिरवी असे. लढाई इंग्लंडच्या शेतांवरून सरकून खाडीवर आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेली, तेव्हा पाण्यावर तपकिरी रंग निरुपयोगी ठरून त्याच्या जागी करडा आला. पोटाचा रंगही बदलला. पुढे 1942 च्या मध्यास धडावरील वर्तुळचिन्हांतली पांढरी व पिवळी कडी बारीक झाली. म्हणजे आपली ही स्क्वाड्रन मे महिन्यात जन्मली आणि तीन महिन्यांत तिने कात टाकली. त्याच 1942 साली तिला अतिउंचीवर उडणारी सहाव्या प्रकारची स्पिटफायर विमाने मिळाली. त्यांचे पंख टोकदार आणि लांब, चालकाची खोली हवाबंद, पंख्याला चार पाती. साध्या स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत 11.23 मीटर, यांचे 12.24. आमचा नमुना तेहतिसाव्या हिश्शाचा. त्यात हा फरक तीन सेंटिमीटरांचा होतो. नातवाने ती टोके नव्याने आखली. मी फक्त मापे सांगितली.

त्याने दोन प्रस्ताव मांडले. पहिला, विमानाच्या नाकावर देवनागरीत ठळक ‘बडोदे’ लिहावे. दुसरा, शेपटीवर जरीपटका काढावा. दोन्ही मी नाकारले आणि तो रुसला. देणगीच्या विमानांवर दात्याचे नाव लिहीत, पण ते लहानशा इंग्रजी अक्षरांत. एका स्पिटफायरची देणगी पाच हजार पौंड ठरलेली होती. रुपयाचा तेव्हाचा दर एक शिलिंग सहा पेन्स धरता ती सुमारे 66 हजार 667 रुपये होते. विमानाचा खरा खर्च याच्या दुपटीहून अधिक होता. एवढी रक्कम देऊनही अक्षरे बोटभरच. स्क्वाड्रनच्या मानचिन्हात मात्र हिंदुस्थानची एक खूण होती. ती म्हणजे मुंगूस. ‘मग मुंगूस तरी काढू,’ असा तह झाला. विमानावर तो रंगवीत असत असा आधार नसल्याने आम्ही तो लाकडी बैठकीवर चिकटवला.

रंगाची चूक जिवावर कशी बेतते, हेही त्याला याच वेळी सांगितले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या वर्तुळचिन्हातला तांबडा ठिपका काढून टाकावा लागला, कारण जपानी विमानांवर तांबडा सूर्य असे आणि आपलाच गोलंदाज आपल्याच विमानावर तोफ डागण्याचा धोका होता. तिथे केवळ गडद आणि फिकट निळा उरला. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आणि मग 1950 पासून तिरंगी वर्तुळ आले.

आमच्या गिंपच्या चित्रात शेवटी मी दोन थर वेगळे करवून घेतले आणि त्यांना नावे दिली: ‘पुरावा’ आणि ‘अंदाज’. ही नोकरीतली सवय. भू-अभिलेखाच्या कामात आयुष्य गेले. मोजणीची रेघ आणि पटवाऱ्याच्या अंदाजाची रेघ एकाच शाईने काढली, की पुढची दोन पिढ्यांची भांडणे आपण लिहून ठेवली असे समजावे. देवासकरांना हे सांगणे नको. थोरल्या आणि धाकट्या पातीची गावे एकमेकांत इतकी मिसळलेली, की नकाशावरचा रंग चुकला तर गावाचा धनीच बदलावा.

याच सुटीत धारला आक्काकडे गेलो. तिथे नातवाने भोज राजाच्या विमानाविषयी ऐकले आणि तेही करू या म्हणून हट्ट धरला. धारमध्ये लहानपण गेलेल्या कोणाला ही कथा ठाऊक नाही? अकराव्या शतकातील भोजाच्या नावावरचा ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ 1924-25 मध्ये गायकवाड प्राच्यमालेत, म्हणजे पुन्हा बडोद्यातच, गणपतिशास्त्री यांनी संपादून प्रसिद्ध केला. त्यातील यंत्रांच्या अध्यायात हलक्या लाकडाच्या मोठ्या पक्ष्याचे वर्णन आहे. त्याच्या पोटात पाऱ्याचे पात्र आणि खाली अग्नी. माप नाही, आकृती नाही. रचना सांगितलेली नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे, असे ग्रंथकारच म्हणतो. ते वाक्य मला फार आवडते. सरकारी टिपणीत ते कित्येकदा उपयोगी पडले असते. ‘वैमानिकशास्त्रा’तील आकृत्यांची मात्र या वर्णनाशी गल्लत होता कामा नये. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्या आकृत्या त्याच काळात बंगळुरास एका नकाशेकाराकडून काढवून घेतलेल्या होत्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी 1974 साली ते दाखवून दिले आणि तसे यान उडू शकणार नाही हेही सांगितले. नातवाला म्हटले, भोजाचे विमान कर, पण त्याचा प्रत्येक तुकडा ‘अंदाज’ या थरावर येईल. त्याने विचार केला आणि बेत सोडून दिला.

आता जे सांगायचे ते घरचे आहे, आणि सांगावे की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. आक्काच्या दिवाणखान्यात पणजोबांची मोठी तसबीर आहे. संस्थानी काळातील छायाचित्र, त्यावर हाताने रंग भरलेला. डोक्यावर लालभडक पागोटे. ते थोरल्या पातीच्या दरबारातून मानाचे म्हणून मिळाले, आणि आम्ही मानकरी, असे आमच्या घरात चार पिढ्या सांगत आलो. आक्काच्या सोयरिकीच्या बोलण्यातही ते पागोटे आले होते म्हणतात.

जुन्या छायाचित्रांच्या काचा तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. तांबडे वस्त्र त्यांत काळपट उमटे, निळे मात्र फिके पडे. विमानांच्या जुन्या छायाचित्रांनी अभ्यासक फसतात ते याच जातीच्या दोषामुळे. काही फिल्मवर वर्तुळाचे पिवळे कडे काळे दिसते. हे शिकलेल्या नातवाने तसबिरीची संगणकावर प्रत घेतली. रंगीत चित्र तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन हिश्शांत वेगळे करता येते. फक्त तांबडा हिस्सा पाहिला, की वरून दिलेला पातळ लाल रंग कागदासारखा पांढरा होऊन नाहीसा होतो आणि खालची मूळ छाया उरते. त्याने कळ दाबली. पागोटे काळे असायला हवे होते. ते फिके, जवळपास पांढरे होते. शेजारच्या धोतराइतकेच.

‘म्हणजे लाल नव्हतं?’ आक्काने विचारले. ती पंच्याऐंशीची आहे. मी म्हटले, चित्रकाराने भरले असावे. ते लोक अंगरख्याला आणि गालांनाही रंग देत. मानकरी असण्या-नसण्याचा निकाल याने लागत नाही, दरबारी कागद निराळे शोधावे लागतील, असेही म्हटले. ते खरे होते, पण बोलताना माझा आवाज नेहमीसारखा नव्हता.

आक्का बराच वेळ पडद्याकडे पाहत होती. मग म्हणाली, ‘आबांसारखे दिसतात रे. रंगात कधी दिसले नव्हते.’ आमचे वडील आयुष्यभर पांढरी टोपी घालत.

तसबीर भिंतीवरून काढ, असे मी म्हणालो नाही आणि तिनेही विषय काढला नाही. नातवाने करडी प्रत छापून दिली, ती तिने आपल्या कपाटात ठेवून घेतली. विमान देवासला माझ्या मेजावर आहे. त्याच्या उजव्या पंखाखालचा एक तुकडा आम्ही पांढरा सोडला आहे; तिथली खूण कोणत्याही छायाचित्रात आम्हाला दिसली नाही.