नऊ माजी विद्यार्थी, शंभर-शंभर डॉलर आणि वन्यजीवांची खुर्ची

पदवी मिळून सहा महिने होत नाहीत, तोच विद्यापीठाचा मेल येतो. वीस डॉलर द्या, पन्नास द्या, तुमच्या डिपार्टमेंटमधल्या विद्यार्थ्यांना हातभार लावा. अमेरिकेत शिकला असाल तर हा मेल तुमच्या ओळखीचा असेल. बहुतेक जण तो न उघडताच डिलीट करतात, आणि त्यात काही गैर नाही. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असताना, व्हिसाची मुदत मोजत असताना, एवढ्या मोठ्या विद्यापीठाने आपल्याकडे वीस डॉलर मागावेत हे जरा विनोदीच वाटतं.

तरी आज त्या मेलबद्दलच बोलू या. त्यासाठी एक छोटासा विषय घेऊ: मासे आणि वन्यजीव. मिशिगन स्टेटसारख्या विद्यापीठात ‘फिशरीज अँड वाइल्डलाइफ’ नावाचा स्वतंत्र विभागच असतो. नदीत यंदा किती सॅल्मन परतले, कुठल्या तळ्यातले बेडूक कमी झाले, हे शोधायला माणसं लागतात, बोटी लागतात, जाळी लागतात, आणि उन्हाळाभर जंगलात राहायचा खर्च लागतो. तो आजवर कुणी केला? आणि पैसे देणाऱ्याने कशाचा अभ्यास व्हायचा हेही ठरवलं का?

गोष्ट सुरू होते येलमध्ये. गिफर्ड पिंचो तिथून १८८९ मध्ये पदवीधर झाला. त्याला वनशास्त्र शिकायचं होतं, पण तेव्हा अमेरिकेत ते नीट शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून तो फ्रान्सला गेला. पुढे १९०० मध्ये त्याच्या कुटुंबाने येलला दीड लाख डॉलर दिले आणि तिथे वनशास्त्राची शाळा उभी राहिली. हा पैसा आला कुठून? पिंचोच्या आजोबांचा लाकूडतोडीचा धंदा होता आणि वडिलांचा वॉलपेपरचा. झाडं तोडून श्रीमंत झालेल्या घराने झाडं राखायची विद्या शिकवणारी शाळा काढली. याला तुम्ही प्रायश्चित्त म्हणा, नाहीतर दूरदृष्टी म्हणा. त्या शाळेतून १९०९ मध्ये एक तरुण पदव्युत्तर पदवी घेऊन बाहेर पडला. त्याचं नाव आल्डो लिओपोल्ड.

लिओपोल्डने आधी सरकारी वनखात्यात नोकरी केली, आणि १९२८ मध्ये ती सोडली. त्यानंतर त्याने मध्य-पश्चिमेतल्या राज्यांत फिरून शिकारीच्या पशुपक्ष्यांची पाहणी केली. त्या पाहणीचा खर्च बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने उचलला होता. त्यांचं गणित साधं होतं. रानात पक्षी उरले नाहीत तर काडतुसं कोण घेणार? याच संघटनेने विद्यापीठांतल्या काही तरुण संशोधकांना फेलोशिप दिल्या. त्यांतली एक विस्कॉन्सिनमध्ये पॉल एरिंग्टनला मिळाली. विषय होता बॉबव्हाइट नावाचा लावा पक्षी.

एरिंग्टनने काही हिवाळे बर्फातून लाव्यांचे थवे मोजत काढले. शिकाऱ्यांचा तेव्हा ठाम समज होता की घुबडं आणि ससाणे मारले की लावे वाढतात. एरिंग्टनला वेगळंच दिसलं. एखाद्या जागेत जेवढा आडोसा आणि जेवढं अन्न असेल, साधारण तेवढेच लावे हिवाळा काढतात. जास्तीचे या ना त्या कारणाने जातातच. घुबडाने नेले नाहीत तर थंडीने किंवा उपासमारीने. तेव्हा घुबडं मारून फारसं काही साधत नाही, आडोसा राखला तर साधतं. काडतुसांच्या पैशातून निघालेलं हे उत्तर काडतुसं जास्त उडवा असं सांगत नव्हतं.

इथे जरा थांबा. एरिंग्टनचं उत्तर कुणी विकत घेतलं नाही हे खरं. पण प्रश्न मात्र पैसे देणाऱ्याचा होता. लाव्यावर फेलोशिप मिळाली, कारण लाव्याची शिकार होते. गवतात राहणाऱ्या, ज्याच्यावर कुणी बंदूक रोखत नाही अशा एखाद्या चिमणीवर फेलोशिप द्यायचं काडतुसांच्या कंपनीला कारणच नव्हतं.

मग महामंदी आली, कंपन्यांचा हात आखडला आणि १९३२ पर्यंत लिओपोल्डला धड नोकरीही उरली नाही. त्याला सावरणारा पैसा आला तो अगदी अनपेक्षित ठिकाणाहून: व्हिटॅमिन डी.

विस्कॉन्सिनमधल्या हॅरी स्टीनबॉक या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की अन्नावर अतिनील किरण सोडले तर त्यात व्हिटॅमिन डी तयार होतं. मुडदूस झालेल्या मुलांसाठी हा मोठाच शोध होता. त्याचं पेटंट सांभाळायला आणि त्यातून येणारा पैसा परत संशोधनाला लावायला १९२५ मध्ये ‘विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशन’ स्थापन झालं. नावातच माजी विद्यार्थी आहेत. नऊ जणांनी प्रत्येकी शंभर डॉलर घातले, म्हणजे सुरुवातीचं भांडवल नऊशे डॉलर. पुढे धान्य आणि दूध कंपन्यांकडून परवान्याचे पैसे येऊ लागले आणि ऐन मंदीत या संस्थेकडे शिल्लक होती. १९३३ मध्ये तिने पाच वर्षांसाठी, वर्षाला आठ हजार डॉलर देऊन, शिकारीच्या प्राण्यांच्या व्यवस्थापनाची प्राध्यापकी निर्माण केली. अमेरिकेतली ही पहिलीच. त्या खुर्चीवर लिओपोल्ड बसला.

त्या एका खुर्चीतून केवढं उभं राहिलं बघा. वन्यजीव व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आला, १९३९ मध्ये स्वतंत्र विभाग झाला, आणि देशभर पसरलेले विद्यार्थी तयार झाले. फ्रान्सिस हॅमरस्ट्रॉम त्यांतलीच. लिओपोल्डच्या हाताखाली पदव्युत्तर पदवी घेतलेली ती एकमेव स्त्री. तिने आणि नवऱ्याने पुढे विस्कॉन्सिनच्या गवताळ कुरणातल्या ‘प्रेअरी चिकन’ या पक्ष्यासाठी आयुष्य घातलं. स्वतः लिओपोल्ड शिकारीच्या प्राण्यांपासून सुरुवात करून माती, पाणी, झाडं, लांडगे या सगळ्यांच्या एकत्र विचारापर्यंत पोहोचला. माझं मत असं की, पगार काडतुसांच्या विक्रीवर टांगलेला नव्हता, याचा त्या प्रवासात वाटा असावा.

पण हा पैसाही सोवळ्यातला नव्हता. विस्कॉन्सिन म्हणजे दुधालोण्याचं राज्य. लोण्याशी स्पर्धा नको म्हणून फाउंडेशनने मार्गारिन बनवणाऱ्यांना व्हिटॅमिन डी घालायचा परवाना नाकारला. मार्गारिन हे गरिबांचं लोणी होतं, म्हणजे ज्या मुलांना व्हिटॅमिनची सगळ्यात जास्त गरज होती त्यांच्याच पावाला ते लागलं नाही. १९४० च्या दशकात ही पेटंटं कोर्टात रद्द ठरली, आणि कोर्टाने या नकारावरही बोट ठेवलं. देणगीला दात्याचे हितसंबंध चिकटून येतात, मग दाता कंपनी असो की माजी विद्यार्थी.

याच काळात दुसरीकडे सरकारी पैशाची वाट तयार झाली. आयोवातला व्यंगचित्रकार जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग याच्या खटपटीतून १९३२ मध्ये आयोवा स्टेटमध्ये वन्यजीव संशोधनाचं केंद्र सुरू झालं. त्यात त्याने स्वतःच्या खिशातलेही पैसे घातले. एरिंग्टन तिथेच नोकरीला गेला. १९३५ मध्ये अशी केंद्रं नऊ विद्यापीठांत निघाली. मग १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आला: शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर राज्यांना वन्यजीवांसाठी मिळू लागला. १९५० मध्ये मासेमारीच्या सामानावरच्या कराचाही तसाच कायदा झाला. या करांनी हरणं, रानटर्की, बदकं आणि ट्राउट सावरले, यात शंका नाही. पण कर गळ आणि काडतुसांवरचा, म्हणून संशोधनही बराच काळ गळाला लागणाऱ्या आणि काडतुसाने मरणाऱ्या जिवांकडे झुकलं. बेडूक, शिंपले, वटवाघळं यांच्या वाट्याला कमी आलं.

आता तुमच्या मेलकडे परत येऊ. माजी विद्यार्थ्यांचा निधी या मोठ्या पैशांपुढे अगदी छोटा असतो. ‘एन्डाउमेंट’ म्हणजे मुद्दल न मोडता ठेवलेली ठेव; तिच्यातून वर्षाला साधारण चार-पाच टक्के खर्चता येतात. म्हणजे कुणाच्या स्मरणार्थ पन्नास हजार डॉलर जमवले, तर वर्षाला दोन-अडीच हजारांची एक शिष्यवृत्ती. एवढ्यात काय होतं? एका उन्हाळ्याचं भाडं निघतं, वेडर्स आणि बूट येतात, फील्ड कॅम्पची फी भरता येते. ही रक्कम क्षुल्लक नाही, कारण या क्षेत्रात नोकरीची पहिली पायरी बहुतेकदा फुकट किंवा नाममात्र पगारावर केलेलं हंगामी काम असते. ज्याच्या घरून पैसे येतात तो ती चढतो. बाकीचे हुशार असूनही दुसरा विषय धरतात.

आणि तुम्ही भारतातून आला असाल तर आणखी एक गोष्ट. सरकारी फेलोशिपच्या फॉर्मवर बऱ्याचदा पहिल्याच पानावर नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मागतात. नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदव्युत्तर फेलोशिप तशीच आहे. विभागाच्या स्वतःच्या निधीला ही अट असायलाच हवी असं नाही. ती दात्याच्या कराराच्या कागदावर ठरते.

या विद्यापीठांच्या मुळाशी मात्र एक वेगळी ‘देणगी’ आहे, आणि तिच्याबद्दल मेलमध्ये काही नसतं. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना कॉलेजं काढायला जमीन दिली. २०२० मध्ये पत्रकार आणि इतिहासकारांनी मिळून तिचा हिशेब मांडला: सुमारे एक कोटी सात लाख एकर, जवळजवळ अडीचशे आदिवासी जमातींकडून घेतलेली. विद्यापीठाच्या पहिल्या दात्यांची नावं इमारतींवर क्वचितच दिसतात. मिशिगनमध्ये १९७६ पासून मूळनिवासी विद्यार्थ्यांची फी माफ आहे. असे प्रयत्न आहेत, पण थोडे.

याच ‘लँड-ग्रँट’ नमुन्यावर भारतात १९६० पासून कृषी विद्यापीठं निघाली, महाराष्ट्रातलीही. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं, आणि त्याचं रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय १९८१ चं. तिथून शिकून परदेशात आलेला एखादा मित्र तुमच्याही ओळखीत असेल. तेव्हा तुमचे वीस डॉलर फक्त अमेरिकेतल्याच विभागाला जायला हवेत असंही नाही.

द्यायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. द्यायचे ठरवलंत तर आधी उलट मेल करून चार गोष्टी विचारा. पैसे विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात जाणार की थेट विभागाच्या विद्यार्थ्यांना? अट काय आहे: नागरिकत्व, गुण, की गरज? फुकट फील्डवर्क करणाऱ्याला यातून पगार देता येईल का? आणि ज्या जिवावर कर गोळा होत नाही, त्याचा अभ्यास करणाऱ्यालाही हे मिळेल का? लेखी उत्तर मागा. त्या नऊ जणांनी शंभर-शंभर डॉलर देऊन एक संस्थाच सुरू केली. तुम्हाला एवढा अधिकार मिळणार नाही, पण विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.