पुण्याची सुभद्रा आणि पॅरिसची लाक्मे

दिनांक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. त्यानंतर पाच महिने पुरे होण्याच्या आत, १४ एप्रिल १८८३ रोजी, पॅरिसच्या ऑपेरा-कोमिक नाट्यगृहात लेओ दलीब यांच्या ‘लाक्मे’चा पहिला प्रयोग झाला. दोन्हींची नायिका भारतीय कन्या आहे आणि दोन्हींच्या मुळाशी प्रश्नही एकच आहे: तिच्या मनाची दखल कोणी घ्यावयाची?

‘ऑपेरा-कोमिक’ म्हणजे निव्वळ विनोदी संगीतिका नव्हे. संवाद आणि गाणी आलटून पालटून योजणारी ही फ्रेंच नाट्यपरंपरा. आपले संगीत नाटकही गद्य संवाद आणि पदे यांनीच उभे राहते. रचनेच्या दृष्टीने ही दोन भावंडेच म्हणावयाची.

लाक्मे ही नीलकंठ नावाच्या पुरोहिताची कन्या. जेराल्ड या इंग्रज अधिकाऱ्यावर तिचे प्रेम जडते. त्या परक्याला हुडकून काढण्यासाठी पिता भरबाजारात मुलीला गावयास लावतो. तिचा गळाच सापळा ठरतो. जेराल्ड जखमी होतो, ती त्याची शुश्रूषा करते. परंतु तो आपल्या पलटणीकडे परतणार हे उमगताच ती धोत्र्याचे पान खाऊन प्राण सोडते. पॅरिसने दुरून कल्पिलेल्या या कन्येला मरणाखेरीज वाट सापडत नाही.

सुभद्रेची अडचण याहून घरगुती आहे. तिचे मन अर्जुनावर. थोरले बंधू बलराम यांनी मात्र तिच्यासाठी दुर्योधन योजलेला. येथे कोणी तलवार उपसून प्रश्न सोडवीत नाही. अर्जुन संन्यासी होतो, भोळे बलराम त्या यतीच्या सेवेस बहिणीलाच धाडतात आणि श्रीकृष्ण गालातल्या गालात हसत सारी सूत्रे हलवितो. प्रेक्षक हसतात ते थोरल्यांच्या हट्टाला. तो हट्ट त्यांनी आपापल्या घरी पाहिलेला असतो.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. सुभद्रेची भूमिका गाजविली ती भाऊराव कोल्हटकरांनी. स्त्रीच्या मनीचे गूज पुरुषाच्या कंठातून ऐकून सभागृह डोलत होते. पुढे १८८४ मध्ये बालपणी लावून दिलेला विवाह न मानणाऱ्या रखमाबाईंचा खटला मुंबईच्या न्यायालयात उभा राहिला, तेव्हा मात्र समाजातील कितीतरी प्रतिष्ठितांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. रंगमंचावरील कन्येची इच्छा गोड वाटावी आणि घरातील कन्येची उद्धट, असा हा अंतर्विरोध होता.

आजही घरात मुलीच्या विवाहाची बोलणी निघतात तेव्हा ‘सौभद्र’ आठवावे. तिच्या मनात काय आहे, हे यतीच्या वेषावाचूनही विचारता येते.